चालीचा प्रश्न : किनवट परिसरातील गायिलेले वाङ्मय आणि एक रशियन पडताळा

मराठी संगीत नाटकाची जुनी छापील प्रत उघडली की पदाच्या डोक्यावर बारीक टाइपातील एक ओळ आढळते. ‘चाल’ असा शब्द, आणि पुढे दुसऱ्याच कोणत्या तरी गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द. कधी त्याऐवजी रागाचे आणि तालाचे नाव असते. नटाला आणि पेटीवाल्याला ही ओळ पदाइतकीच मोलाची असे. वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र ती नेहमीच अडगळ वाटत आली. वेच्यांच्या पुस्तकात पद आले की ही ओळ बहुधा गळते आणि पद कवितेसारखे छापले जाते. जुन्या पोवाड्यांच्या छपाईत मध्येच ‘॥ चाल ॥’ अशी खूण येते. तिच्या आधीच्या आणि नंतरच्या ओळी वेगळ्या गतीने, वेगळ्या सुरावर म्हणायच्या असतात. जोतीराव फुले यांच्या १८६९च्या शिवाजीवरील पोवाड्यातही ही खूण आहे. त्या पोवाड्यातील विचारांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यच होते. परंतु ज्या ठिकाणी चाल बदलते त्याच ठिकाणी कवीने ती का बदलावी, हा प्रश्न वाङ्मयीन प्रश्न आहे असे फारसे कोणास वाटले नाही.

हा अनास्थेचा भाग केवळ दुर्लक्षाने घडलेला नाही. छंदाला आपल्या काव्यशास्त्रात मानाचे स्थान आहे. माधवराव पटवर्धनांच्या ‘छंदोरचने’ने वृत्त, जाती आणि छंद यांची जी सूक्ष्म व्यवस्था लावली तिच्या तोडीचे काम अन्य भारतीय भाषांत थोडे असेल. पण छंद कागदावर मोजता येतो आणि चाल मोजता येत नाही. जे मोजता आले ते वाङ्मय ठरले; जे उरले ते ‘संगीत’ या नावाने दुसऱ्या विभागाकडे सोपवले गेले. या वाटणीचे परिणाम काय झाले, हे पाहण्यासाठी पुण्या-मुंबईची रंगभूमी हे ठिकाण पुरेसे नाही, कारण तेथे चाल हरवली तरी संहिता उरते. जेथे चाल हरवली की काहीच उरत नाही, असे ठिकाण घेतले पाहिजे. म्हणून किनवट.

किनवट आज नांदेड जिल्ह्यात आहे. पैनगंगेच्या खोऱ्यातील, सागवानी जंगलाच्या कडेचा हा तालुका १९५६च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता. सीमा सरकली, पण बोली आणि नातीगोती सरकली नाहीत. येथील कचेरीची भाषा दीर्घकाळ उर्दू होती. बाजारात मराठी आणि तेलुगू चाले. गावांतून, वाड्यांतून आणि तांड्यांतून गोंडी, कोलामी आणि बंजाऱ्यांची गोरमाटी बोलली जाई, अद्यापही बोलली जाते. आंध हे मराठी बोलणारे आदिवासीही याच पट्ट्यातले. पूर्वी याच तालुक्यात असलेले माहूर हे रेणुकेचे स्थान, आणि त्यामुळे संबळ-तुणतुण्यावर उभा राहणारा गोंधळ, आराध्यांची गाणी, दत्तशिखरावरची भजने हे सारे या मुलखाच्या कानावर सतत असते. इतक्या भाषा आणि इतके गायनप्रकार एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असताना वाङ्मयाच्या इतिहासात या तालुक्याच्या वाट्याला किती ओळी येतात, हे कोणीही स्वतःच्या कपाटातील ग्रंथ काढून पाहावे.

या मुलखातील सर्वांत विचारप्रवर्तक उदाहरण परधानांचे आहे. परधान हे गोंडांचे वंशपरंपरागत भाट. गोंड समाज चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशा सगांत विभागलेला आहे. प्रत्येक कुळाची उत्पत्तिकथा आहे, देवतेच्या प्राप्तीची कथा आहे, पूर्वजांच्या भ्रमणाची आणि पराक्रमाची कथा आहे. ती सांगण्याचा, किंबहुना गाण्याचा, अधिकार आणि जबाबदारी परधानाची. गोंड यजमानाच्या घरच्या मर्तिकात आणि पेर्सा पेनाच्या पूजेत परधान आपली किकरी घेऊन बसतो. किकरी हे तीन तारांचे, गजाने वाजवायचे वाद्य आहे. तिच्या साथीने कुळाची कथा गायिली गेल्याशिवाय तो विधी पुरा होत नाही. यजमानाला आपला पूर्वज कोण आणि आपला देव कोणता हे परधान गाऊन सांगतो. गोंडांचा इतिहास गोंडांपाशी नसून परधानांच्या गळ्यात आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आता यातील मुख्य गोष्ट. ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेंडॉर्फ यांनी १९४०च्या दशकात आदिलाबादच्या राजगोंडांचा जो अभ्यास केला, त्यात त्यांनी एक नोंद करून ठेवली आहे : या भागातील परधानांची घरची भाषा मराठी आहे, आणि कथा मात्र ते गोंडीत गातात. म्हणजे एका द्राविड भाषेचे महाकाव्य मातृभाषा मराठी असलेल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. घरी चुलीपाशी मराठी, आणि किकरीला गज लागला की गोंडी.

या नोंदीकडे मानवशास्त्राने लक्ष दिले. मराठी वाङ्मयसमीक्षेने ती पाहिलीच नाही असे दिसते; आणि तसे होणे अपरिहार्यही होते. आपले वाङ्मयेतिहास भाषावार लिहिलेले असतात. मराठी वाङ्मयाचा इतिहास म्हणजे मराठी भाषेत रचलेल्या कृतींचा इतिहास. परधानांची कथा गोंडीत, म्हणून ती आपली नव्हे. गोंडी साहित्याचा इतिहास लिहावा तर गायक मराठी भाषक. या दोन इतिहासांच्या मधल्या फटीत परधान उभा आहे. त्याला तेथे उभे कशाने ठेवले याचे उत्तर व्याकरणात मिळत नाही. ते चालीत मिळते. घरात न बोलल्या जाणाऱ्या भाषेतील हजारो ओळी माणूस सांभाळू शकतो, कारण तो त्या वाक्यांच्या रूपाने सांभाळत नाही. सूर, किकरीचा टप्पा, साथीदाराने उचललेला शेवटचा शब्द आणि विधीतील नेमकी वेळ, या सगळ्यांना ती ओळ बांधलेली असते. शब्द तेवढे वेगळे काढून लिहू गेले की बांधणी सुटते.

ही बांधणी सुटते म्हणजे नेमके काय होते याचा सर्वांत स्पष्ट पुरावा रशियातून मिळतो. हे उदाहरण दूरचे आहे, पण ते तेथील वाङ्मय-संगीत संबंधाच्या मुळाशीच असल्यामुळे थोडे विस्ताराने पाहिले पाहिजे.

रशियन संगीत आणि साहित्य यांच्या नात्याची चर्चा आपल्याकडे झालीच तर ती पुश्किनपासून सुरू होते. ग्लिंकाने १८४२ मध्ये पुश्किनच्या ‘रुस्लान आणि ल्युदमिला’वरून ऑपेरा केला, चायकॉव्स्कीने १८७९ मध्ये ‘येव्गेनी ओनेगिन’वरून, मुसोर्ग्स्कीने ‘बोरिस गोदुनोव्ह’वरून, म्हणजे आधी थोर कवी, मग त्याच्या शब्दांना स्वर देणारे संगीतकार. हा क्रम खोटा नाही, पण अपुरा आहे. पाव्हेल रिब्निकोव्ह नावाचा एक तरुण १८५९ मध्ये राजकीय संशयावरून ओनेगा सरोवराकाठच्या पेत्रोझावोद्स्क या गावी हद्दपार केला गेला. शिक्षित रशियनांची तोवर अशी समजूत होती की ‘बिलीना’ नावाची प्राचीन वीरगीते नामशेष झाली आहेत. रिब्निकोव्हला ती शेतकऱ्यांच्या आणि कोळ्यांच्या तोंडी जिवंत सापडली आणि १८६१ ते १८६७ या काळात त्याने त्यांचे चार खंड प्रसिद्ध केले. विद्वानांनी प्रथम शंका घेतली. ती दूर करण्यासाठी १८७१ मध्ये अलेक्सांद्र हिल्फर्डिंग हा स्लाव भाषांचा अभ्यासक स्वतः त्या प्रदेशात गेला आणि दोन महिन्यांत त्याने सत्तर गायकांकडून ३१८ गीते उतरवून घेतली.

हिल्फर्डिंगच्या ध्यानात आलेली गोष्ट अशी. लिहून घेणाऱ्याच्या सोयीसाठी गायक गाणे थांबवून, शब्द सुटे करून, सावकाश सांगू लागला की छंद मोडे. ओळी लांब-आखूड होत, मधले भरीचे छोटे शब्द गळत, आणि कविता गद्याकडे झुके. त्याच गायकाला पुन्हा गायला लावले की छंद जसाच्या तसा परत येई. आधीच्या संग्रहातील पुष्कळ गीते ओबडधोबड दिसत होती ती गायकाच्या उणेपणामुळे नव्हे, लिहून घेण्याच्या पद्धतीमुळे. तेव्हा छंद हा शब्दांचा गुण आहे आणि चाल ही वर चढवलेली वस्तू आहे, हा समजच उलटा करून घ्यावा लागतो. निदान या वाङ्मयप्रकारात छंद चालीत राहतो. शब्द त्याच्या आश्रयाला असतात.

हिल्फर्डिंगने आणखी एक निर्णय घेतला आणि तो मला त्याच्या निरीक्षणाइतकाच महत्त्वाचा वाटतो. त्याने गीतांची मांडणी वीरपुरुषांच्या क्रमाने केली नाही, गायकांच्या क्रमाने केली. प्रत्येक गायकाचे गाव, त्याचा व्यवसाय, तो कोणाकडून शिकला, आणि मग त्याची सर्व गीते. १८७२ मध्ये दुसऱ्या प्रवासात त्याचा मृत्यू झाला. ग्रंथ पुढच्या वर्षी बाहेर आला. त्रोफीम र्‍याबिनिन हा त्यातील श्रेष्ठ गायक. १८७१ मध्ये त्याला पीटर्सबर्गला नेऊन विद्वत्सभेपुढे गायला बसवले गेले, आणि ऐकणाऱ्यांत मुसोर्ग्स्की होता. त्याने र्‍याबिनिनच्या चाली टिपून घेतल्या. ‘बोरिस गोदुनोव्ह’च्या १८७४ मध्ये रंगभूमीवर आलेल्या रूपात, क्रोमीच्या जंगलातील बंडाच्या प्रवेशात, दोन भटके साधू जे गातात त्याच्या मुळाशी या शेतकऱ्याची चाल आहे. शब्द पुश्किनच्या नाटकातले नाहीत. ज्या प्रवेशात लोक उठतात, त्या प्रवेशात संगीतकाराने कवीची संहिता बाजूला ठेवली आणि निरक्षर गायकाचा सूर घेतला.

याच मुसोर्ग्स्कीने १८६८ मध्ये गोगोलच्या ‘लग्न’ या प्रहसनाचा पहिला अंक मूळ गद्यासकट स्वरबद्ध करून पाहिला होता. बोलण्याच्या चढउतारातूनच स्वर काढायचा, हा त्यातील हट्ट. त्याच्या आधी दार्गोमिझ्स्कीने पुश्किनचे ‘पाषाणाचा पाहुणा’ शब्दही न बदलता ऑपेरात घालण्याचा घाट घातला होता. म्हणजे एका बाजूने साहित्यिक शब्दातील दडलेली चाल शोधणे, आणि दुसऱ्या बाजूने लोकगायकाच्या चालीतून शब्दाचा छंद शोधणे, या दोन गोष्टी एकाच दशकात, एकाच शहरात, एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांत चालल्या होत्या. रशियन संस्कृतीतील संगीत-साहित्य संबंधाचे बळ या योगायोगात आहे असे मला वाटते. त्याचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. र्‍याबिनिनला राजधानीत मान मिळाला तरी त्याच्या प्रदेशातील कारेलियन भाषकांच्या गाण्यांना ‘राष्ट्रीय’ संगीतात तसा मान मिळाला नाही. त्यांची दखल फिनिश अभ्यासकांनी घेतली आणि १८३५च्या ‘कालेवाला’त ती दुसऱ्या राष्ट्राची झाली. सीमाभागातील गाणी कोणाची, हा वाद तेथेही आहे. पण निदान त्या वादात चाल ही पुराव्याची वस्तू मानली गेली.

आपल्याकडील समांतर उदाहरण १८९१चे आहे. हॅरी अॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांचा पोवाड्यांचा संग्रह त्या वर्षी निघाला. शाळिग्रामांचे श्रम मोठे आहेत. तो संग्रह झाला नसता तर पेशवाईतील कितीतरी पोवाडे आज आपल्याला ठाऊक नसते. परंतु त्याचे शीर्षकच पाहावे : ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’. भर पोवाडे ज्यांच्यावर रचले त्यांच्यावर आहे. ज्यांनी ते गळ्यात सांभाळले त्या गोंधळ्यांवर नाही. हा संग्रह इतिहासाचे साधन म्हणून जन्मला आणि पुढील अर्धशतक तसाच वाचला गेला. लढाईची तिथी बरोबर आहे की नाही, सरदाराचे नाव खरे की चुकीचे, यावर वाद झाले. डफाची थाप कोठे बदलते, झीलकरी कोठे उचलतो, चाल मोडून गद्य कथन कोठे सुरू होते, हे कोणी विचारले नाही. आपल्या हिल्फर्डिंगला गायक दिसला नाही असे नाही. त्याला तो साक्षीदार म्हणून दिसला, कवी म्हणून नव्हे. पुढे अशोक दा. रानडे यांनी लोकसंगीताचे शास्त्र मांडताना आणि मराठवाड्यात प्रभाकर मांडे यांनी लोकपरंपरांचा शोध घेताना ही उणीव पुष्कळ भरून काढली. तरी त्यांचे काम ‘लोकसाहित्य’ या वेगळ्या दालनात ठेवून वाङ्मयेतिहास आपल्या वाटेने गेला.

चालीला वाङ्मयाबाहेर ठेवल्याने आणखी एक अन्याय झाला, आणि तो अधिक आपल्या काळातला आहे. संगीत नाटकाकडे पुन्हा येऊ. किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हा कीर्तनातील साकी-दिंडीपासून लावणी आणि कर्नाटकी पदांपर्यंत मिळतील तेथून चाली घेतल्या. १९११च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंबे यांनी, १९१६च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या, त्यांत उत्तरेकडील बंदिशी आणि ठुमऱ्या सर्रास होत्या. चाल आधी, शब्द नंतर. मूळ हिंदी-ब्रज शब्द काढून त्या जागी खाडिलकरांचे मराठी शब्द. या व्यवहाराला कोणी उसनवारी म्हटले नाही. त्याला मराठी नाट्यसंगीताचे वैभव म्हटले, आणि ते होतेच.

हेच काम आंबेडकरी जलशाने केले तेव्हा मात्र मापे बदलली. भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादा कर्डकांची गीते आणि त्यांच्यामागून गावोगावच्या गायनपार्ट्यांनी उचललेली शेकडो भीमगीते तमाशाच्या, भजनाच्या, कव्वालीच्या आणि चित्रपटाच्या चालींवर बांधलेली आहेत. ज्या श्रोत्याला छापील पुस्तक वाचता येत नव्हते त्याच्या कानात जी चाल आधीच वसलेली होती, तिच्यावर नवा शब्द बसवणे हा विचारपूर्वक केलेला काव्यव्यवहार होता. चाल ओळखीची म्हणून अनोळखी विचार आत जाऊ शके. किर्लोस्करांनी केले ते हेच. तरीही भीमगीताच्या बाबतीत ‘सिनेमाच्या चालीवरचे गाणे’ हा शब्दप्रयोग हेटाळणीचा झाला. चालीचा उगम खाँसाहेबांच्या बंदिशीत असला की कलासंस्कार, आणि रेडिओवरच्या गाण्यात असला की नक्कल, या भेदाला वाङ्मयीन आधार काय आहे ते कोणी सांगितलेले नाही.

याहून अवघड गोष्ट अशी की दलित साहित्याच्या समीक्षेनेही या गीतांकडे बराच काळ पाठ फिरवली. १९७२च्या ‘गोलपिठा’नंतर जी कविता दलित कविता म्हणून चर्चेत राहिली ती मुक्तछंदात होती, छापील होती, आणि तिची तुलना जागतिक विद्रोही कवितेशी करता येत होती. तिचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. परंतु १९७८ ते १९९४ या नामांतराच्या लढ्याच्या वर्षांत मराठवाड्यातील वस्त्यांतून माणसे एकत्र आली ती मुक्तछंदावर नव्हे, गाण्यावर. नांदेड जिल्ह्याने त्या लढ्याची फार मोठी किंमत मोजली. त्या काळातील गीते पुष्कळदा वहीतच राहिली, किंवा गायकाबरोबर गेली. मुक्तछंदातील कवितेचे संग्रह निघाले, त्यांवर प्रबंध झाले. एकाच चळवळीच्या दोन वाङ्मयांपैकी जे चालीवर होते ते मागे राहिले, याचे कारण केवळ जातीय नाही. वाङ्मय म्हणजे काय याची आपली व्याख्याच छापील आहे.

समीक्षेला न ऐकू आलेली चाल राज्यसंस्थेला मात्र ऐकू येते. १९३६च्या जानेवारीत सोव्हिएत सत्तेच्या वृत्तपत्राने लेस्कोव्हच्या कथेवरील शोस्ताकोविचच्या ऑपेरावर हल्ला चढवला. ती कथा १८६५ची, आणि छापील रूपात तिच्यामुळे सत्तेचे काही अडले नव्हते. आपल्याकडे लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी आली. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये उभे केलेले हे पथक. त्याआधी अण्णाभाऊंनी स्टालिनग्राडच्या वेढ्यावर पोवाडा रचला होता. या पोवाड्याचा उल्लेख आपल्याकडे साम्यवादी निष्ठेचे उदाहरण म्हणून येतो. मला त्यातील वाङ्मयीन घटना अधिक महत्त्वाची वाटते. व्होल्गाकाठची लढाई मुंबईच्या गिरणगावातील कामगाराला भूगोल म्हणून दूर होती. ती पोवाड्याच्या चालीत शिरताच सिंहगडाच्या आणि पानिपताच्या रांगेत येऊन बसली, कारण श्रोत्याच्या कानाला ही चाल आपल्या पूर्वजांच्या लढायांची म्हणून ठाऊक होती. पोवाड्याच्या शब्दांनी रशिया सांगितला, चालीने तो आपला केला. १९६१ मध्ये अण्णाभाऊ प्रत्यक्ष सोव्हिएत देशात जाऊन आले आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. २०२२ मध्ये मॉस्कोतील विदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला. ग्रंथालयात बसला हे ठीकच. पण ज्यांच्या वाङ्मयाचा निम्मा भाग डफावर उभा होता त्यांना ग्रंथकार म्हणूनच मान देण्याची सवय दोन्ही देशांत सारखीच दिसते.

किनवटकडे परत यायचे तर एक प्रश्न उरतो : चाल नोंदवायची कशी? ओव्यांच्या बाबतीत एक वाट दिसली आहे. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे जे काम सुरू केले त्यातून एक लाखाहून अधिक ओव्या लिहिल्या गेल्या, आणि पुढे बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतील काही ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. तेथे ओवी गाणारीच्या आणि गावाच्या नावानिशी आहे, हिल्फर्डिंगच्या ग्रंथात गीत आहे तशी. अर्थात हा संग्रह मुख्यतः पुणे जिल्ह्याकडे झुकलेला आहे, आणि ध्वनी मजकुराच्या मानाने थोडा. मराठवाड्याच्या उत्तर-पूर्व कडेला असे काम त्या प्रमाणावर झालेले नाही.

परधानांच्या कथांबाबत अडचण अधिक आहे. फ्युरर-हायमेंडॉर्फ या मुलखात आले ते परिस्थितीने. महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि हैदराबाद संस्थानाबाहेर जाण्यास त्यांना मोकळीक उरली नाही. रिब्निकोव्हच्या हद्दपारीशी ही गोष्ट जुळते. गोंड मुलांच्या शाळांसाठी १९४३ पासून मारलवाई येथे जे काम झाले त्यात गोंडी वाचनपुस्तके देवनागरी लिपीत छापली गेली, हे मराठी वाचकाने विशेष ध्यानात घ्यावे. १९४८च्या त्यांच्या ग्रंथात परधानांच्या कथा इंग्रजीतून जगापुढे आल्या. पण त्यांना मुसोर्ग्स्की भेटला नाही. कथेतील देव, कुळे, विधी यांची मांडणी झाली. किकरीवर ती कथा कशी चालते, कोठे रेंगाळते, कोठे साथीदार ती पुढे नेतो, हे समाजरचनेच्या अभ्यासाचे अंग नव्हते. पुढे आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाला या गावी गोंडी हस्तलिखिते मिळाली, त्यांतील लिपीचा अभ्यास झाला, आणि २०१८ मध्ये ती संगणकाच्या जागतिक वर्णसंचात दाखल झाली. ही आनंदाची गोष्ट आहे. गोंडीला आता लिपी आहे, पाठ्यपुस्तक होऊ शकते, छापील संहिता होऊ शकते. याच टप्प्यावर जपून पाहिले पाहिजे. मराठीत पोवाड्याचे जे झाले ते गोंडी कथेचे व्हायला आता सोयीचे साधन हाती आले आहे. कथा सावकाश सांगायला लावून लिहून घेतली जाईल, तिची प्रमाण संहिता ठरेल, आणि मग परधान गातो त्यात ‘चुका’ सापडू लागतील.

शिवाय ती संहिता ठरवणार कोण? गोंडी शिकलेला नवा गोंड तरुण म्हणेल की कथा आमच्या भाषेतली, आमच्या देवाची. त्याचे म्हणणे खरे आहे. मराठी बोलणारा परधान म्हणेल की ती आमच्या बापजाद्यांनी गळ्यात ठेवली. त्याचेही खरे आहे. यजमान आणि भाट यांचा जुना व्यवहार धान्य, जनावर आणि मान यांवर चाले; जमीन गेली, जंगल राखीव झाले, मुले शहराकडे गेली, तसा तो व्यवहार सैल पडला. किकरी ऐकून घेणारा यजमान नसेल तर परधानाने गोंडी कथा कोणासाठी गावी? स्वतःच्या मुलांसाठी गायची तर त्यांची भाषा मराठी. याचा अर्थ असा की येत्या काळात या कथा मराठीत गायिल्या जाण्याचाही संभव आहे, त्याच किकरीवर आणि त्याच चालीत. तसे झाले तर गोंडी अभ्यासक त्याला ऱ्हास म्हणतील आणि मराठी वाङ्मयेतिहासकार कदाचित प्रथमच त्याची नोंद घेतील, कारण शब्द मराठी झालेले असतील. संगीत नाटकाच्या प्रतीतील ती बारीक टाइपातील ओळ अशा नोंदीवर छापायची तर तेथे ‘चाल’ या शब्दापुढे गोंडी कथेचे नाव लिहावे लागेल, आणि त्यापुढे गायकाचे.